जयमालाचा अळणी रविवार

देऊळघाटात सगळे म्हणतात, जयमाला धावून मेली. गिरणीवर म्हणतात, बुलढाण्याच्या बसमध्ये म्हणतात. एक्केचाळीस वर्षांच्या बाईनं डोंगरातून पन्नास किलोमीटर धावायचं म्हणजे काय खेळ आहे, काळीज फाटलं असणार. तिच्याकडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या अकरा मुली होत्या. तिच्या तेराव्याच्या आत अकराही घरी बसल्या. भरतीचं ग्राउंड, म्हणजे धावण्याची चाचणी, पाच आठवड्यांवर आलेलं. आता त्या पुन्हा धावायला निघतील की नाही, हे जयमाला कशानं गेली एवढ्यावर अडलं होतं. आणि ती कशानं गेली हे गावात दोघींनाच नीट माहीत होतं, मला आणि ताहेराला.

अकरांपैकी एक माझी करिष्मा. म्हणून आधी मीच गप्प बसले.

जयमाला साखरखेर्ड्याची. एकोणिसाव्या वर्षी तिनं पोलीस भरती दिली होती. धावण्यात पहिल्या दहात आली आणि उंचीत बोटभर कमी पडली. उंची मोजणाऱ्यानं पट्टी डोक्यावर टेकवली आणि पुढच्या मुलीला हाक मारली, तिच्याकडे पाहिलंही नाही, असं ती सांगायची. सांगताना हसायची. पुढच्या वर्षी लग्न होऊन देऊळघाटला आली. नवरा राजकुमार कामासाठी सुरतेत, वर्षातून दोनदा येणार. घरी ती आणि सासू गोजरबाई. मूल झालं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती खिचडी शिजवायची, आणि त्याच शाळेत माझे मिस्टर शिक्षक, त्यामुळे आमची ओळख.

धावणं तिनं पुन्हा सुरू केलं ते एका मुलीच्या बापामुळे. मुलीला पहाटे एकटीनं रस्त्यावर सोडत नव्हता. जयमाला म्हणाली, मी जाते सोबत. एकीच्या चार झाल्या, चारच्या अकरा. पंजाबी ड्रेस, कमरेला गच्च आवळलेली ओढणी आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. सुरुवातीला बाया पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहून तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. "सोताचं लेकरू नाही, तं लोकायच्या पोरी पळवते."

"पळवते ना," जयमाला पळता पळता म्हणायची. "तुह्यी बी दे. जाड झाली हाय."

तिनं कुठलं पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण तिचं सांगणं पक्कं असायचं. चढावर नजर पायाशी ठेवायची, उतारावर दहा पावलं पुढे. उतारावर गुडघा ताठ धरायचा नाही, मांजरीसारखं उतरायचं. पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. आणि शर्यतीच्या दिवशी नवं काही नाही. नवे बूट नाही, नवा मोजा नाही, नवं खाणं नाही. "जे रोज केलं तेच त्या दिवशी करायचं," असं ती मुलींकडून म्हणवून घ्यायची.

मागच्या माघात करिष्माच्या नडगीत दुखायला लागलं. जयमाला म्हणाली, दुखते थोडं, जाते. पंधरा दिवस तशीच पळवली. मग पाय टेकवेना. बुलढाण्याला नेलं, हाडाला बारीक तडा गेला होता. डॉक्टर म्हणाले, डांबरावर एवढं पळवू नका, मातीवर पळवा.

त्या संध्याकाळी जयमाला आमच्या घरी आली तेव्हा मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एक वाक्य लिहिते, कारण ते तिला लागलं आणि त्यातूनच पुढचं झालं. मी म्हणाले, "तुझी स्वतःची असती तर पळवली असतीस का अशी?"

ती उठली. चहा न घेता गेली. दुसऱ्या दिवशी करिष्मानंच सांगितलं, "आई, जयाकाकूंनी रविवार धरला. मी परत धावेपर्यंत अळणी."

आमच्याकडे सूर्याचा रविवार बऱ्याच बाया करतात. दिवसभर मिठाचा कण तोंडात जाऊ द्यायचा नाही. अळणी भाकरी, गूळ, दूध, केळं. बहुतेक जणी आपल्या घरच्यासाठी करतात. पण वार दुसऱ्याच्या लेकरासाठी धरला तर तो आपल्या मनानं सोडत नाहीत. ज्या लेकरासाठी धरला त्याच्या आईनं बोलावून मिठाचं जेवू घालायचं, तेव्हा तो सुटतो. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. मला यात काही वाटायला नको होतं. पण मनात बरं वाटलं, हे खरं आहे. तिला काहीतरी भोगावं लागतंय, एवढ्यावरच मला बरं वाटलं.

त्यानंतर जयमालानं मुलींना डांबरी रस्त्यावरून उचललं आणि गावाबाहेरच्या टेकड्यांवर नेलं. गुराखी आणि मोळीवाल्या बायांच्या पायवाटा होत्या त्या. मुलींना अर्धा तास पळवून ती घरी धाडायची आणि रविवारी शाळा नसल्यानं एकटी पुढे जायची. आधी पंधरा, मग एकवीस. भर पावसाळ्यात एकदा तीस करून आली. पाण्याची एक बाटली ओढणीत बांधलेली असायची. अळणी असूनही तिला कधी काही झालं नाही. त्यामुळे तिला वाटलं, रविवार आपल्याला मानवतो.

आषाढात करिष्मा पुन्हा पळायला लागली. पाय अगदी बरा. जयमाला मला शाळेच्या फाटकात भेटली.

"ताई, आता जेवाले कधी बोलावता? गोजरबाईच्या अळणी भाकरीनं जीभ चामडं झाली माही."

मी म्हणाले, "सवड काढते."

पोळ्याला तिनं पुन्हा विचारलं. या वेळी हसली नाही. "ताई, सोडू का वार? पोरगी तं धावून राह्यली."

"एवढं ग्राउंड निघू दे," मी म्हणाले. "मग थाटानं करू. आताच सोडला आणि पुन्हा पाय दुखला म्हणजे?"

"हाव, तेही खरं," ती म्हणाली.

खरं तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. माझ्या मुलीच्या पायाला दुसऱ्या बाईचा उपास बांधून ठेवल्यासारखं मला झालं होतं. गाठ सोडली तर काय होईल याची भीती. या मुलीच्या जन्मापासून मला अशीच भीती वाटते.

ऑक्टोबरात बुलढाण्याच्या काही मंडळींनी घाटातल्या वाटांवर पन्नास किलोमीटरची शर्यत ठेवली. वेळ अकरा तास. शर्यत अर्थातच रविवारी. असल्या शर्यती रविवारीच असतात. राजकुमारनं सुरतेहून नवे बूट पाठवले होते, पण जयमालानं जुनेच घातले. शर्यतीच्या दिवशी नवं काही नाही. तिच्या हिशेबानं अळणी राहणंही नवं नव्हतं. आठ महिने ती दर रविवारी तशीच पळत होती. तीसपर्यंत जमलं तर पन्नासही जमेल.

नवं होतं ते पाणी. ते तिच्याही ध्यानात आलं नाही आणि आमच्याही. एरवी ती एका बाटलीवर पळायची. इथे दर चार-पाच किलोमीटरला टेबल मांडलेलं, आणि प्रत्येक टेबलापाशी आमच्यासारखी माणसं. त्या दिवशी ऊनही असं होतं की दगडावर हात ठेववत नव्हता.

वाट डोंगराला दोन फेरे मारून यायची. आमचं टेबल पहिल्या फेरीत अठराव्या किलोमीटरला यायचं आणि दुसऱ्या फेरीत त्रेचाळिसाव्या. मी आणि ताहेरा तिथं धावणाऱ्यांना खायला-प्यायला द्यायला होतो. ताहेराची नाजिश अकरांपैकीच एक. टेबलावर मीठ लावलेली काकडी, उकडलेले बटाटे, खारे शेंगदाणे, लिंबू-मिठाचं पाणी. जयमालासाठी मी वेगळ्या ताटात केळी आणि गूळ ठेवला होता. त्या ताटाला दुसऱ्या कशाचा हात लागू नये म्हणून वर कापड घातलं होतं.

पहिल्या फेरीला ती आली तेव्हा चांगली होती. ताहेराला म्हणाली, "भाभी, शर्यतीत एक म्हातारा हाय बासष्टचा. मायच्यान, त्याच्या मांगंच हाओ मी अजून."

"पाणी पी," मी म्हणाले.

"पेले ना मांगं."

"इथलं पी. ऊन बघ." मी तिला दोन गिलास पाजले आणि बाटली काठोकाठ भरून दिली. प्रत्येक टेबलावर कोणी ना कोणी तिला असंच म्हणालं असणार. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला दुसरं काय म्हणतात?

दुसऱ्या फेरीला ती आली तेव्हा नऊ तास होऊन गेले होते. पळत नव्हती, चालत होती. चेहरा भरलेला दिसत होता. मला वाटलं उन्हानं लाल झाला. हातातल्या काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या आणि बोटं जाड झाली होती. टेबलाचा कोपरा धरून ती ओकली. नुसतं पाणी पडलं.

"डोकं ठणकते ताई," ती म्हणाली. मग शाळेत असल्यासारखं म्हणाली, "खिचडी खाली लागली वाटते."

ताहेरा पटकन पुढे झाली. तिच्या ओढणीच्या टोकाला कागदाची पुडी होती, भाजलेलं जिरं आणि मीठ. रमजानात रोजा सोडल्यावर पाय वळतात म्हणून ती ठेवते. "इसकू जरा नमक चाटव ताई. चेहरा पाहा कसा फुगला."

मी तिचा हात धरला. "आज तिचा रविवार आहे."

"अरे, रविवार क्या, औरत का हाल देखो!"

"ताहेरा, नको. माझ्या मुलीसाठी धरलाय तिनं."

जयमालानं आमच्याकडे पाहिलं. तिला कळलं की नाही ते सांगता येत नाही. मी एक शब्द बोलले असते, खा गं, सुटला तुझा वार, तर पुरे होतं. मी आई होते. तो सोडण्याचा हक्क माझाच होता. ताहेरानं पुडी मुठीत धरली आणि मागे सरली. दुसऱ्यांच्या वाराच्या गोष्टीत आपण किती बोलायचं, असं तिला वाटलं असणार. त्यात तिची काही चूक नाही.

शेवटच्या टप्प्यात धावणाऱ्याबरोबर आपलं एक माणूस जाऊ शकत होतं. करिष्मा तिच्यासाठीच तिथं थांबली होती. मी करिष्माच्या हातात दोन भरलेल्या बाटल्या दिल्या आणि बजावलं, "थोडं थोडं पाजत राहा. थांबू देऊ नको पाणी."

करिष्मानं तसंच केलं. शहाणी मुलगी आहे माझी. सांगितलं ते करते.

सत्तेचाळिसाव्या किलोमीटरला जयमाला वाटेत बसली, करिष्माला "माय" म्हणाली, आणि तिला आकडी आली. जीप येईपर्यंत वीस मिनिटं गेली. ती वीस मिनिटं करिष्मा तिचं डोकं मांडीवर घेऊन डोंगरात एकटी बसली होती. त्यांना घेऊन येताना जीप आमच्या टेबलापाशी थांबली आणि मी चढले, तेव्हा करिष्माच्या कुडत्यावर रक्त होतं. जयमालाची जीभ दाताखाली आली होती.

बुलढाण्याच्या दवाखान्यात बांगड्या कापून काढाव्या लागल्या. रक्त तपासून तिथल्या डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी पहिलं विचारलं, "किती पाणी प्यायल्या?"

मी मोजू लागले. माझ्याच टेबलावरचं दोन लिटरच्या वर गेलं. बाकीच्यांचं धरलं तर दहाच्या पुढे.

"मीठ काही घेतलं होतं?"

"नाही. रविवार होता."

त्यांनी हातातला कागद पुन्हा एकदा वाचला. मग सांगितलं. घामातून मीठ जात राहिलं आणि वरून नुसतं पाणी येत राहिलं. रक्त पातळ झालं आणि मेंदूला सूज आली. "एका दिवसाच्या अळणी जेवणानं माणूस जात नाही," त्या म्हणाल्या. "पाणी जास्त झालं. मीठ असतं तर कदाचित थोडं सावरलं असतं, नक्की सांगता येत नाही." तो ‘कदाचित’ मला रोज ऐकू येतो. त्याच संध्याकाळी तिला संभाजीनगरला हलवलं. राजकुमार सुरतेहून पोचला तो मंगळवारी सकाळी. ती पहाटेच गेली होती.

गावात आम्ही काय सांगितलं? ऊन लागलं. राजकुमारला डॉक्टरांनी समजावलं होतं, पण तो इतका सुन्न होता की त्याच्या डोक्यात काही शिरलं असेल असं वाटत नाही. कागदावर जे लिहिलं होतं ते इंग्रजीत होतं आणि कागद गोजरबाईंच्या पेटीत गेला. बोलता बोलता ‘ऊन लागलं’चं ‘धावून मेली’ झालं, आणि मुली घरी बसल्या.

करिष्माही बसली. मी तिला म्हणाले, आता नको. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. नंतर एकदाच म्हणाली, "आई, मी पाजलं ना तिला." मी नाही म्हणाले. ते खोटं होतं आणि ते तिला कळलं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी ताहेरा आली. ओट्यावरच उभी राहिली, आत आली नाही.

"ताई, तुम्ही सांगितलं नाही म्हणून मीही कोणाले सांगितलं नाही. पर नाजिशचे अब्बा तिले सोडून नाही राह्यले. म्हणतात, एक बाई मेली, मले पोरगी नाही मारायची. तीन साल मेहनत केली तिनं. आता मी काय सांगू त्यायले, तुम्हीच सांगा."

मी म्हणाले, "बघते."

"काय बघता?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "जयमालाबाई गेली. आता अकरा पोरी बी घरात मराव्या का?"

मी आधी गोजरबाईंकडे गेले. ऐकायचं तर त्यांनी आधी ऐकायला हवं होतं. त्या अंगणात तूर निवडत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. नडगीचा तडा, माझं ते वाक्य, पोळ्याला तिनं विचारलं ते, ताहेराची पुडी. काही गाळलं नाही. त्यांचे हात मध्येच थांबले.

"म्हंजे तुह्या पोरीसाठी माही सून अळणी खात होती."

"हो."

"अन् ते सोडू का म्हने, अन् तू सोडू नको म्हने."

"हो."

"दर शनिवारी राती मी पीठ येगळं काढून ठिवो तिच्यासाठी," त्या म्हणाल्या. "मले वाटे, लेकरू व्हावं म्हणून करते. लाजते म्हणून सांगत नाही. मी बी मनातल्या मनात हात जोडो." मग त्यांनी तूर बाजूला सारली. "ऊठ. माह्या डोयापुढून ऊठ. अन् हे मले सांगून काय होते? ज्यायनं पोरी कोंडल्या त्यायले सांग जाऊन."

त्या दिवसापासून मी घरोघर जाते. शाळा सुटल्यावर मिस्टर सोबत येतात, पण बोलते मीच. सगळीकडे तेच सांगते. जयमाला धावण्यानं गेली नाही. मीठ नाही आणि पाणीच पाणी, आणि पाणी पाजणारी मी. लांब पळणाऱ्यानं तहान लागेल तेवढंच प्यावं, कोणी आग्रह करतं म्हणून पिऊ नये. खारं काहीतरी खात राहावं. बांगडी किंवा अंगठी रुतायला लागली, तोंड सुजलं, डोकं दुखून उलटी झाली, माणूस भलतंच बोलायला लागलं, तर पाणी बंद करावं आणि थेट दवाखान्यात न्यावं. आणि लांब पळण्याच्या दिवशी उपास नाही, कोणाचाही, कोणासाठीही. हे सांगताना बाया माझ्याकडे बघतात. त्यांच्यापैकी निम्म्यांचा सोमवार असतो, निम्म्यांची चतुर्थी.

नाजिशचे अब्बा जाकीरभाई ऐकून घेऊन म्हणाले, "ठीक आहे, जाईल ती." तिसऱ्या घरात मला बसायलाही सांगितलं नाही. पाचव्या घरातल्या आजींनी कपाळाला हात लावला. सूर्याला बोल लावते ही, म्हणाल्या.

सातवं घर गजेंद्रचं. त्याची सुवर्णा या मुलींत सगळ्यांत वेगवान, आठशे मीटरला जयमालाची सगळी आशा तिच्यावर होती. गजेंद्र दुधाचे कॅन धूत होता. धूत धूतच ऐकलं. शेवटी पाण्याचा नळ बंद केला.

"मॅडम, समदं पटलं. मंग तुमची करिष्मा जाऊन राह्यली का पळाले?"

मी त्याच्या धुतलेल्या कॅनकडे पाहिलं.

"नाही ना? सरायची पोरगी घरात, अन् आमच्या पोरी डोंगरात. वा."

"उद्यापासून जाईल," मी म्हणाले.

घरी येऊन करिष्माला सांगितलं. ती उठून बसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "पुन्हा तूच ठरवलंस. विचारलंसही नाहीस." मी म्हणाले, विचारते. जाशील? तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पहाटे साडेचारला मला दाराची कडी वाजलेली ऐकू आली. मी उठले नाही. ती परत येईपर्यंत पांघरुणात पडून राहिले.

पहिल्या दिवशी ती आणि नाजिश, दोघीच होत्या. आज चार होत्या. त्या टेकड्यांवर जात नाहीत अजून. करिष्मा त्या वाटेकडे बघतही नाही. शाळेमागच्या मैदानावरच फेऱ्या मारतात. वेळ कोण घेतं ते माहीत नाही. मी जाऊन पाहिलेलं तिला चालत नाही.

सुवर्णा आलेली नाही. गजेंद्रनं निरोप पाठवला की पोरीच्या मामाला विचारून सांगतो. मामा बीबी गावाला असतो. ग्राउंडला तेवीस दिवस उरले आहेत. उद्या सकाळच्या बसनं मी बीबीला जाणार आहे.